चेंडू कोणाच्या हातीं द्यावयाचा?

इ. स. १९७८ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील व्यावसायिक फुटबॉल-संघांनीं महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची आपसांत वार्षिक वांटणी करून घेतली. प्रत्येक संघानें पाळीपाळीनें एकेका तरुणाचें नांव पुकारावयाचें, अशा १२ फेऱ्या दोन दिवसांत पार पडल्या आणि तीनशेंहून अधिक नांवें पुकारलीं गेलीं. चारच महिन्यांपूर्वीं, त्या वर्षाच्या २ जानेवारीस, कॅलिफोर्नियांतील पॅसाडीना येथील प्रख्यात ‘रोझ बोल’ सामन्यांत लाखावर प्रेक्षकांच्या देखत जो खेळाडू सर्वोत्कृष्ट ठरला होता, त्याचें नांव मात्र या यादींत शेवटपर्यंत आलें नाहीं. तो वॉरन मून. अशा प्रकारें वगळलें जाणें त्याला अनपेक्षित नव्हतें. वाऱ्याची दिशा ओळखून सुमारें सहा आठवडे अगोदरच तो कॅनडांतील एका संघाशीं करार करून मोकळा झाला होता. त्यानंतर तेवीस हंगाम, दोन देश आणि पांच संघ अशी त्याची कारकीर्द चालली. ती इतकी लांबली कशी आणि तिचा आरंभ परदेशांत कां झाला, हे दोन प्रश्न वस्तुतः एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत.

हा प्रश्न समजण्यासाठीं त्या खेळाचें स्वरूप थोडें पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्याकडील पायानें खेळावयाचा चेंडूचा खेळ नव्हे. त्यांतील चेंडू लांबट असून दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातांत धरून पळावयाचा किंवा हातानें पुढें फेकावयाचा असतो. मैदान १०० यार्ड लांब आणि प्रत्येक पक्षाचे गडी अकरा. चढाई करणाऱ्या पक्षाला चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. तें साधलें तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात, न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिपक्षाच्या टोकाची रेषा ओलांडून चेंडू नेला कीं ‘टचडाऊन’ होतो व सहा गुण मिळतात.

प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं चेंडू बहुधा ज्या एका गड्याच्या हातीं येतो, त्याला ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात. डाव कोणता खेळावयाचा हें तोच आपल्या गड्यांना सांगतो. समोरच्या फळीची मांडणी पाहून आयत्या वेळीं तो डाव बदलण्याचा अधिकारहि त्याचाच. चेंडू हातीं आल्यावर प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी त्याच्यावर तुटून पडतात आणि त्या दोन-तीन सेकंदांत चेंडू कोणाकडे, किती उंचीवरून व किती वेगानें फेकावयाचा हें त्याला ठरवावें लागतें. संघ जिंकला तर कौतुक प्रथम त्याचें, हरला तर दूषणहि प्रथम त्यालाच. सैन्यांत सेनापतीचें जें स्थान, तेंच या खेळांत क्वार्टरबॅकचें.

हें स्थान कृष्णवर्णीयाला द्यावयाचें नाहीं, असा नियम कोणत्याहि पुस्तकांत लिहिलेला नव्हता. व्यवसायाच्या प्रारंभकाळांत तर परिस्थिति बरीच मोकळी होती. १९२० सालीं स्थापन झालेल्या व्यावसायिक संघटनेंत फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू चमकला आणि लवकरच ॲक्रन येथील संघाचा तो मार्गदर्शकहि झाला. परंतु १९३३ चा हंगाम संपल्यावर कृष्णवर्णीय खेळाडू एकाएकीं दिसेनासे झाले. पुढें बारा वर्षेंपर्यंत त्या संघटनेंत एकहि कृष्णवर्णीय खेळला नाहीं. संघांच्या मालकांनीं आपसांत न बोलतां केलेला हा संकेत होता. १९४६ सालीं क्लीव्हलँडचा ‘रॅम्स’ हा संघ लॉस एंजलिस येथें आला, तेव्हां तेथील सार्वजनिक क्रीडागार वापरावयाचें तर कृष्णवर्णीयांना मज्जाव करतां येणार नाहीं, असा आग्रह कृष्णवर्णीय वृत्तपत्रकारांनीं धरला; आणि केनी वॉशिंग्टन व वुडी स्ट्रोड हे दोघे त्या संघांत आले. दार उघडलें, पण तें मैदानाचें दार होतें. सेनापतीच्या तंबूचें दार नव्हे.

यापुढील भेदभाव अधिक सूक्ष्म होता. कृष्णवर्णीयाचे पाय चपळ आहेत, बाहूंत बळ आहे, हें सर्वांना मान्य. तेव्हां त्याला धांवावयास लावावें, चेंडू झेलावयास लावावें, संरक्षणाच्या फळींत उभें करावें. मात्र डाव आंखणें, संकटांत डोकें शांत ठेवणें, गोऱ्या गड्यांना आज्ञा देणें हें त्याच्यानें होणार नाहीं, असें गृहीत धरलेलें असे. महाविद्यालयांत जो तरुण यशस्वी क्वार्टरबॅक असे, त्याला व्यावसायिक संघांत पाऊल टाकतांच ‘तूं झेलणारा हो’ किंवा ‘तूं संरक्षक हो’ असें सांगण्यांत येई. या जागेवर कृष्णवर्णीय दिसत नाहीं म्हणून तो तिला योग्य नाहीं. आणि तो योग्य नाहीं म्हणून त्याला ती जागा द्यावयाची नाहीं. असा हा न संपणारा फेरा होता.

या फेऱ्यांत सांपडलेल्यांचीं नांवें आठवणें आवश्यक आहे. विली थ्रोअर यानें १९५३ सालीं शिकागोच्या संघाकडून क्वार्टरबॅक म्हणून थोडा वेळ मैदानांत पाऊल ठेवलें; पुढल्या हंगामापूर्वींच त्याला निरोप मिळाला. मार्लिन ब्रिस्को यानें १९६८ सालीं डेन्व्हरच्या संघांत आपल्या पहिल्याच हंगामांत १४ टचडाऊनचे चेंडू फेकले. पण दुसऱ्या वर्षीं त्या जागेसाठीं त्याचा विचार झाला नाहीं. त्यानें बफेलोचा रस्ता धरला आणि तेथें तो चेंडू झेलणारा झाला. चक ईली यानें ओहायो संस्थानांतील टोलीडो विद्यापीठाकडून क्वार्टरबॅक या नात्यानें ३५ सामने खेळून ३५ हि जिंकले होते. तथापि दुसऱ्या कोणत्याहि जागेवर आपण खेळणार नाहीं असें त्यानें कळविल्यावर १९७२ च्या वांटणींत एकाहि संघानें त्याचें नांव पुकारलें नाहीं. तो कॅनडांत हॅमिल्टन येथें गेला आणि त्याच वर्षीं आपल्या संघाला त्यानें तेथील सर्वोच्च ‘ग्रे कप’ मिळवून दिला. त्याच गांवीं १९५१ सालीं बर्नी कस्टिस हाहि असाच येऊन क्वार्टरबॅक झाला होता. कॅनडाची वाट अशी मूनच्या आधींच मळलेली होती.

वॉरन मून याचा जन्म १८ नोव्हेंबर १९५६ रोजीं लॉस एंजलिस येथें झाला. तो सात वर्षांचा असतांना वडील वारले. आई परिचारिका होती. घरांत सहा बहिणी आणि हा एकटा मुलगा. स्वयंपाक, शिवण, कपड्यांना इस्त्री हीं कामें तो लहानपणींच शिकला. शाळेंत असतांना त्यानें वर्षांतून एकच खेळ खेळावयाचा असें ठरविलें, कारण उरलेल्या काळांत काम करून घरास हातभार लावणें भाग होतें. त्यानें निवडलेला खेळ फुटबॉल आणि निवडलेली जागा क्वार्टरबॅकची. शाळा संपल्यावर त्याला घेण्यास उत्सुक असलेल्या अनेक विद्यापीठांनीं नेहमींचीच अट घातली, कीं दुसऱ्या जागेवर खेळावें. त्यानें ती नाकारली आणि प्रथम घराजवळच्या एका लहान महाविद्यालयांत प्रवेश घेतला. तेथें एक वर्ष नांव मिळविल्यावर सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठानें त्याला क्वार्टरबॅक म्हणूनच बोलाविलें. डॉन जेम्स हा तेथें नुकताच मार्गदर्शक होऊन आला होता.

सिॲटलमधील पहिलीं दोन वर्षें कठीण गेलीं. त्या दोन हंगामांत संघानें ११ सामने जिंकले आणि ११ गमावले. आपल्याच मैदानावर आपलेच प्रेक्षक मूनची हुर्यो करीत. त्याच्या जागीं दुसरा आणावा असा घोष होई. जेम्स यानें त्याला बदललें नाहीं. १९७७ च्या हंगामांत पहिल्या चार सामन्यांपैकीं तीन गमावूनहि संघ सांवरला, प्रादेशिक विजेतेपद त्यानें पटकावलें आणि रोझ बोलमध्यें बलाढ्य मिशिगनचा २७-२० असा पराभव केला. त्या सामन्यांत मूननें दोन टचडाऊन स्वतः पळून केले, तर तिसरा चेंडू फेकून साधला. पूर्वीं हुर्यो करणारे गळे त्या दिवशीं जयजयकार करीत होते.

व्यावसायिक संघांचें मत मात्र त्या जयजयकारानें बदललें नाहीं. फार तर शेवटल्या फेऱ्यांत त्याला घेऊं, कदाचित् दुसऱ्या जागेवर खेळवूं, अशीच चिन्हें दिसत होतीं. यास्तव त्यानें कॅनडांतील आल्बर्टा प्रांताच्या राजधानीचें, एडमंटनचें, निमंत्रण स्वीकारलें.

कॅनडाचा फुटबॉल अमेरिकेच्या फुटबॉलचा सख्खा भाऊ असला तरी स्वभावानें निराळा आहे. तेथें गडी बारा, मैदान ११० यार्ड लांब आणि पुष्कळ रुंद. प्रयत्न मात्र चाराऐवजीं तीनच. तीन प्रयत्नांत दहा यार्ड काटावयाचे तर नुसतें धांवून भागत नाहीं. चेंडू दूर फेकावाच लागतो. रुंद मैदानामुळें क्वार्टरबॅकला इकडेतिकडे सरकून जागा काढावी लागते आणि नजर चौफेर ठेवावी लागते. मूनसारख्या खेळाडूला यापेक्षां चांगली शाळा मिळणें कठीण होतें. ह्यू कॅम्पबेल हा त्या संघाचा मार्गदर्शक होता. त्यानें तरुण मूनला एकदम पुढें ढकललें नाहीं. टॉम विल्किन्सन या मुरलेल्या क्वार्टरबॅकच्या जोडीनें त्याला तयार होऊं दिलें.

१९७८ पासून १९८२ पर्यंत एडमंटननें ओळीनें पांच वेळां ग्रे कप जिंकला. १९८१ च्या अंतिम सामन्यांत मध्यंतराला ओटावाचा संघ २०-१ असा पुढें होता. मूनचा खेळ त्या दिवशीं इतका फसला, कीं त्याला बाजूस बसवून विल्किन्सनला आंत धाडावें लागलें. उत्तरार्धांत मून परत आला, त्यानें संघाला सांवरलें आणि एडमंटननें सामना २६-२३ असा जिंकला. फसल्यावर पुन्हां चेंडू हातीं मिळणें, हें त्याच्या आधींच्या अनेक कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकांच्या वाट्याला आलेलें नव्हतें. एडमंटननें त्याला चषकांइतकीच मोलाची दिलेली वस्तु म्हणजे चुकण्याची मोकळीक. १९८२ सालीं एका हंगामांत ५,००० यार्ड चेंडू फेकणारा तो पहिला व्यावसायिक खेळाडू ठरला. १९८३ सालीं त्यानें ५,६४८ यार्ड फेकून स्वतःचाच विक्रम मोडला आणि त्या देशांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळविला.

आतां अमेरिकेंतील संघांची झोप उडाली. ज्याला १९७८ सालीं कोणी पुकारलें नव्हतें, त्याच्यासाठीं १९८४ सालीं चढाओढ लागली. टेक्सासमधील ह्यूस्टनच्या ‘ऑइलर्स’ या संघानें कॅम्पबेल यालाच मार्गदर्शक नेमलें होतें; मूननें तोच संघ पसंत केला आणि लाखो डॉलरांचा करार झाला. त्याचें वय त्या वेळीं सत्तावीस होतें. ज्या वयांत इतर क्वार्टरबॅक अनुभवी म्हणविले जातात, त्या वयांत तो अमेरिकेंत नवखा ठरला.

ह्यूस्टनचा संघ दुबळा होता. पहिल्या हंगामांत १६ पैकीं १३ सामने त्यानें गमावले. पुढील दोन हंगामांत प्रत्येकीं ११. दुसरा हंगाम संपण्यापूर्वींच कॅम्पबेल याची नेमणूक संपुष्टांत आली. पराभवाचें खापर क्वार्टरबॅकच्या माथीं फुटतें हें खरें. पण मूनच्या बाबतींत त्या टीकेंत वर्णावरून दिलेल्या शिव्याहि मिसळलेल्या असत. प्रेक्षागारांत बसलेल्या त्याच्या बायकामुलांना त्या ऐकाव्या लागत. मैदानावर राग गिळावयाचा आणि घरीं मुलांची समजूत घालावयाची, असा दुहेरी भार त्यानें अनेक वर्षें वाहिला. चेहऱ्यावर भाव उमटूं न देण्याबद्दल त्याची ख्याति होती. ती नुसती स्वभावाची देणगी नव्हती.

हळूहळू संघ उभा राहिला. १९८७ ते १९९३ या सात हंगामांत ऑइलर्स दरवर्षीं बाद फेरीपर्यंत पोंचले. दरम्यान ३१ जानेवारी १९८८ रोजीं एक महत्त्वाची घटना घडली. वॉशिंग्टनच्या संघाचा डग विल्यम्स हा अंतिम ‘सुपर बोल’ सामना जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक झाला आणि त्या सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडूहि तोच ठरला. १९७८ च्या वांटणींत पहिल्याच फेरींत पुकारलें गेलेलें एक नांव या विल्यम्सचें होतें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. दार सर्वस्वीं बंद नव्हतें. पण तें इतकेंच किलकिलें होतें, कीं त्यांतून एखादाच आंत जाऊं शके.

१९९० सालीं जॅक पार्डी हा ह्यूस्टनचा मार्गदर्शक झाला आणि एका वेळीं चार झेलणारे मैदानभर पसरून सतत चेंडू फेकण्याची पद्धति त्यानें आणली. कॅनडाच्या रुंद मैदानावर घडलेल्या मूनला ती अंगच्या कपड्यासारखी बसली. त्या वर्षीं त्यानें ४,६८९ यार्ड फेकले. १६ डिसेंबर रोजीं कॅन्सस सिटी येथें एकाच सामन्यांत ५२७ यार्ड. पुढील वर्षीं ४,६९० यार्ड. पस्तिशीच्या उंबरठ्यावर तो आपल्या कलेच्या शिखरावर उभा होता.

आणि मग ३ जानेवारी १९९३ चा दिवस उजाडला. बफेलो येथील बाद फेरीच्या सामन्यांत पूर्वार्धांत मूननें फेकलेल्या २२ पैकीं १९ चेंडू त्याच्या गड्यांनीं झेलले आणि चार टचडाऊन झाले. उत्तरार्धाच्या आरंभींच ह्यूस्टन ३५-३ असें पुढें गेलें. बफेलोचा मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी होता व त्याच्या जागीं फ्रँक राइक हा राखीव गडी खेळत होता. सामना संपला असें मानून कांहीं प्रेक्षक घरच्या वाटेलाहि लागले होते. त्यानंतर जें घडलें त्याला अमेरिकेच्या क्रीडा-इतिहासांत नुसतें ‘पुनरागमन’ एवढेंच नांव आहे. राइकनें टचडाऊनमागून टचडाऊन केले. निर्धारित वेळ ३८-३८ अशी संपली. जादा वेळेंत मूनचा एक चेंडू प्रतिपक्षानें मधेंच पकडला आणि बफेलोनें सामना ४१-३८ असा जिंकला. बत्तीस गुणांची पिछाडी भरून काढण्याचा तो विक्रम २०२२ च्या डिसेंबरांत मिनेसोटाच्या संघानें मोडला. पण बाद फेरीच्या सामन्यांत तो त्यानंतरहि अबाधित राहिला.

हा पराभव मूनच्या चरित्रांतील सर्वांत खोल जखम होय, आणि ती झांकण्यांत अर्थ नाहीं. बाद फेरींत तो एकंदर दहा सामने खेळला. त्यांपैकीं तीन जिंकला, सात हरला. सुपर बोलच्या मैदानावर खेळण्याचें भाग्य त्याला कधींच लाभलें नाहीं. टीकाकारांनीं हें त्याच्या गुणवत्तेंतील न्यून म्हणून दाखविलें आहे आणि त्यांत कांहीं तथ्यहि आहे. मात्र त्या दिवशीं ३२ गुणांची आघाडी मिळवून देण्यांत सर्वांत मोठा वांटा त्याचाच होता आणि ती गमावण्यांत संघाच्या संरक्षक फळीचाहि भाग होता, हेंहि तितकेंच खरें.

१९९४ सालीं संघांच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा घालण्यांत आली. ह्यूस्टननें आपला महागडा क्वार्टरबॅक मिनेसोटाच्या ‘व्हायकिंग्ज’ संघाच्या स्वाधीन केला. सदतिशीच्या मूननें तेथें पहिल्या वर्षीं ४,२६४ आणि दुसऱ्या वर्षीं ४,२२८ यार्ड फेकले. दुखापतीमुळें तिसरा हंगाम फसला आणि वेतन कमी करून घेण्याचा प्रश्न निघाला, तेव्हां तो १९९७ सालीं सिॲटलच्या ‘सीहॉक्स’ संघांत राखीव गडी म्हणून आला. मुख्य क्वार्टरबॅक पहिल्याच सामन्यांत जायबंदी झाला आणि ज्या शहरांत वीस वर्षांपूर्वीं विद्यार्थिदशेंत त्याची हुर्यो उडाली होती, त्याच शहरांत चाळिशी ओलांडलेला मून पुन्हां आघाडीवर उभा राहिला. त्या हंगामांत त्यानें २५ टचडाऊनचे चेंडू फेकले. हंगामाअखेर देशांतील निवडक खेळाडूंचा जो मानाचा सामना होतो, त्यांत एकेचाळीस वर्षांचा मून सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. शेवटचे दोन हंगाम त्यानें कॅन्सस सिटी येथें राखीव म्हणून काढले आणि २००१ च्या जानेवारींत, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, तो निवृत्त झाला.

अमेरिकेंत १७ हंगामांत ४९,३२५ यार्ड आणि २९१ टचडाऊन. कॅनडांत ६ हंगामांत २१,२२८ यार्ड आणि १४४ टचडाऊन. दोहोंची बेरीज ७०,५५३ यार्ड, म्हणजे चाळीस मैलांहून अधिक अंतर त्यानें हातानें फेकलेल्या चेंडूनें काटलें. निवृत्तीच्या वेळीं अमेरिकेच्या संघटनेंत केवळ दोघांचे यार्ड त्याच्याहून अधिक होते. कॅनडांतील सहा वर्षें त्या हिशेबांत धरलेलीं नाहींत, कारण तो हिशेब त्या संघटनेपुरता आहे. तीं सहा वर्षें मूनला परदेशांत कां काढावीं लागलीं, याची नोंद मात्र आंकड्यांच्या कोणत्याहि रकान्यांत होत नाहीं.

२००१ सालीं कॅनडाच्या आणि २००६ सालीं ओहायोमधील कँटन येथील अमेरिकेच्या फुटबॉल-कीर्तिमंदिरांत त्याचा समावेश झाला. खेळाडू म्हणून दोन्ही ठिकाणीं मान मिळविणारा तो पहिलाच. अमेरिकेच्या कीर्तिमंदिरांत आधुनिक काळांतील पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकहि तोच. त्या प्रसंगींच्या भाषणांत त्यानें आपल्या मनावरील ओझ्याचा मोकळेपणानें उल्लेख केला. आपण नेहमीं केवळ आपल्या संघासाठीं नव्हे, तर आपल्या लोकांसाठींहि खेळत आहों असें आपल्याला वाटे, असा त्याचा आशय होता. आपण अपयशी ठरलों तर मागून येणाऱ्यांची वाट बंद होईल, ही ती धास्ती. गोऱ्या क्वार्टरबॅकचा चेंडू चुकला तर एका माणसाचा चेंडू चुकला असें म्हणत. मूनचा चुकला तर एका वंशाचा चुकला असें म्हणण्यास कित्येकजण टपलेले असत.

मूनच्या चरित्रावरून एक सुखकर तात्पर्य काढण्याचा मोह होतो: खरी गुणवत्ता कोठेंहि झांकून राहत नाहीं, एक दार बंद झालें तर ती दुसरें शोधते. मून यानें स्वतः एडमंटनमधील दिवसांबद्दल नेहमीं कृतज्ञता व्यक्त केली आहे आणि तेथील शिक्षणाशिवाय पुढील मून घडला नसता, हेंहि संभवनीय आहे. परंतु अन्यायाचें समर्थन त्याच्या एखाद्या गोड फळावरून करतां येत नाहीं. तसें केलें तर विली थ्रोअरला काय उत्तर द्यावयाचें? पहिल्या हंगामांत १४ टचडाऊनचे चेंडू फेकूनहि ज्याला जागा सोडावी लागली, त्या ब्रिस्कोला काय सांगावयाचें? ३५ पैकीं ३५ सामने जिंकणाऱ्या ईलीला स्वदेशांतील व्यावसायिक मैदानावर एकदांहि क्वार्टरबॅक म्हणून उभें राहतां आलें नाहीं. तो कशांत कमी पडला? गुणवत्तेच्या जोडीला मूनपाशीं विलक्षण प्रकृति होती, जिनें त्याला चव्वेचाळीस वर्षांपर्यंत खेळूं दिलें. कॅम्पबेलसारखा मार्गदर्शक होता. आणि काळहि थोडा पुढें सरकलेला होता. हीं सर्व अनुकूलता ज्यांना लाभली नाहीं त्यांचे विक्रम झालेच नाहींत, आणि न झालेल्या विक्रमांची यादी कोणी ठेवीत नाहीं.

१२ फेब्रुवारी २०२३ रोजीं ॲरिझोनांत सुपर बोलचा अंतिम सामना झाला. कॅन्सस सिटीचा पॅट्रिक महोम्स आणि फिलाडेल्फियाचा जॅलन हर्ट्स हे दोन्ही पक्षांचे मुख्य क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते. त्या सामन्याच्या इतिहासांत असें प्रथमच घडलें. महोम्सचा संघ ३८-३५ असा जिंकला. दोनच वर्षांनीं, २०२५ सालीं, हेच दोघे पुन्हां समोरासमोर आले आणि या वेळीं हर्ट्सचा संघ ४०-२२ असा विजयी झाला. पहिल्या खेपेस वृत्तपत्रांनीं दोघांच्या वर्णाविषयीं रकानेच्या रकाने लिहिले होते. दुसऱ्या खेपेस त्या चर्चेला पहिल्याइतकी जागा उरली नव्हती. दोघांपैकीं कोणाचा हात अधिक अचूक आणि कोणाचें डोकें अधिक थंड, हाच वाद लोक घालीत होते. वॉरन मूनला १९७८ सालीं हवा होता तो नेमका हाच वाद. त्याच्या वेळीं तो सुरू होण्यापूर्वींच मिटवून टाकण्यांत आला होता.